बाटलीतले रान

मराठी भाषेची एक गंमत आहे. 'वास येतो' एवढेच कोणी म्हटले तर तो वास वाईटच समजायचा. चांगला असला तर त्याला 'सु' जोडावा लागतो. फुलाला सुवास असतो, अत्तराला सुगंध असतो, माणसाला मात्र नुसता वास येतो. आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना हे व्याकरण कोणत्या गुरुजींनी शिकवले नाही. ते त्यांनी एस.टी.च्या बाकावर, शाळेच्या व्हरांड्यात आणि भाड्याची खोली पाहायला गेल्यावर शिकून घेतले. "जरा तिकडे सरकून बसा, वास येतो," हे वाक्य ज्याने ऐकले आहे त्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जातीचे नाव न घेता जात सांगण्याची ती एक रीत आहे.

तेव्हा सुगंधावर लेख लिहायला आम्ही बसलो आहोत हे पाहून वाचक बंधू-भगिनींना आश्चर्य वाटले तर ते रास्तच आहे. पण गेल्या वर्षी आमच्या घरी एक बाटली आली आणि तिच्यामुळे बरेच काही घडले, म्हणून हा प्रपंच.

आमचा भाचा मुंबईत एका मोठ्या दुकानात अत्तरांच्या विभागात विक्रेता आहे. ऐन वर्षावासाच्या दिवसांत तो डहाणू लोकलने आमच्याकडे आला आणि जय भीम करून त्याने एक खोके हातात ठेवले. "मामा, हे वुडी आहे. एकदम जंगली." वुडी म्हणजे लाकडाच्या वासाचे. खोक्यावर दाट झाडी होती, धुके होते, ओले खडक होते, झाडीतून जाणारी एक पायवाट होती, आणि माणूस एकही नव्हता. किंमत तीन हजार रुपये. नोकर म्हणून त्याला सवलतीत मिळाली होती, तरी छापील आकडा तोच. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून, आकडा दिसला की हात आपोआप बेरीज-वजाबाकीकडे वळतो. २०२४-२५ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे भर उन्हात माती उपसण्याचे दहा दिवस त्या मुठीएवढ्या बाटलीत मावत होते.

"मामा, शील घेतलेल्या माणसाला अत्तर चालते का?" भाच्याने विचारले. प्रश्न थट्टेचा असला तरी वावगा नाही. पंचशीलात अत्तराला आडकाठी नाही. पौर्णिमेला उपोसथ धरून अष्टशील घेतले तर त्या दिवशी फुलांच्या माळा, गंध आणि उटणी-लेप वर्ज्य आहेत. बाटलीतला बहुतेक भाग मद्यार्काचाच असतो खरा, पण तो अंगाला लावायचा, प्यायचा नाही, त्यामुळे पाचवे शीलही शाबूत राहते. आणि सुगंधाचे आपल्या धम्माला वावडे कधीच नव्हते. जेतवनात तथागतांच्या निवासाला गंधकुटी म्हणत, कारण उपासक तेथे फुले आणि सुगंधी द्रव्ये अर्पण करीत. सारनाथला १९३१ साली अनागारिक धम्मपालांच्या प्रयत्नांतून जे विहार उभे राहिले त्याचे नावही मूलगंधकुटी विहार असेच आहे.

आम्ही मनगटावर एक फवारा मारून घेतला. आधी लिंबाच्या सालीसारखे काही तरी नाकाशी आले आणि गेले. मग कोरडे लाकूड, त्यामागे धूर, ओली माती, आणि सगळ्यात शेवटी चामडे. भाच्याला दुकानात हे शिकवलेले असते. हलके वास आधी उडतात, लाकडाचा वास जड, तो तळाला असतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. (तळाला असून शेवटपर्यंत टिकणारे, हे ऐकून वाचकांना आणखी कोणी आठवले तर त्याला आमचा इलाज नाही.)

या लाकडाच्या वासात लाकूड किती असते, याची आम्ही मग थोडी चौकशी केली. चंदन तर सर्वांना ठाऊक आहे. त्याचा सुगंध सालीत किंवा पानांत नसतो, गाभ्यात असतो, आणि तो गाभा धरायला झाडाला कित्येक वर्षे लागतात. चंदनाचे झाड आपल्या मुळांनी शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्नरस ओढून घेते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आपल्याकडे जयंतीच्या भाषणांत माता रमाई चंदनासारख्या झिजल्या असे म्हणण्याची प्रथा आहे. वक्त्यांच्या भावनेविषयी आम्हांला आदर आहे. पण चंदन स्वतः होऊन झिजत नाही, त्याला सहाणेवर कोणी तरी घासत असते. रमाईंना कोणी घासले, कोणत्या दारिद्र्याने घासले, ते त्या भाषणात येत नाही. असो.

दुसरे म्हणजे वाळा. अत्तरवाले त्याला लाकडी वासात धरतात, पण ते लाकूड नाही, गवताचे मूळ आहे. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच वाळा. तिसरा नागरमोथा, उटण्यात पडणारा. तोही ओल्या जमिनीतल्या गवतासारख्या झाडाचा कंद. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे लव्हाळा, जो डहाणू-तलासरीच्या भातखाचरांतून बायका श्रावणात कमरेत वाकून उपटून बांधावर फेकतात. चौथा अगरू, ज्यावरून आपल्या अगरबत्तीला नाव पडले. हे झाड आसामकडचे. निरोगी झाडाच्या लाकडाला फारसा गंधच नसतो. झाडाला जखम होऊन आत बुरशी शिरली की झाड तिच्याशी झगडताना एक काळपट राळ तयार करते, तीच सोन्याच्या मोलाने विकली जाते. आणि ओल्या मातीचा वास! उत्तर प्रदेशात कनौजला भाजलेली माती तांब्याच्या भांड्यात घालून, तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवून 'मिट्टी' नावाचे अत्तर काढतात. पहिल्या पावसाचा तो वास मातीतल्या सूक्ष्म जिवांनी केलेल्या द्रव्याचा असतो.

पण तीन हजारांच्या बाटलीतही यातले फार थोडे असते. बहुतेक वास कारखान्यात बनतात. आणि त्यातला एक मोठा कारखाना कोठे असावा? महाडला! कागदासाठी पाइनचे लाकूड शिजवताना जे टर्पेंटाइन निघते ते बाहेरून आणून महाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यापासून सुगंधी रसायने तयार होतात आणि जगभरच्या अत्तर-साबणवाल्यांना जातात. चवदार तळ्याचे महाड. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ बाटलीकडे बघत राहिला. दुकानात त्याला पॅरिसचे नाव सांगायला शिकवले होते.

महाडचे नाव निघाले म्हणून त्या चामड्याच्या वासाकडे येतो. अत्तरांमध्ये चामड्याच्या वासाचे एक वेगळे घराणेच आहे. पूर्वी रशियात चामडे कमावताना त्याला बर्च झाडाचे तेल चोळत, त्याचा धुरकट वास श्रीमंतांना आवडला, आणि १९२०च्या दशकात पॅरिसच्या शनेल कंपनीने 'रशियन चामडे' याच नावाचे अत्तर बाजारात आणले. बरोबर त्याच दशकात, २० मार्च १९२७ रोजी आपल्या बापजाद्यांनी महाडला तळ्याचे पाणी प्याले. मेलेले ढोर ओढायचे नाही, त्याचे मांस खायचे नाही, हे बाबासाहेबांनी त्याच परिषदेत बजावले. आमच्या आजोबांनी ते काम सोडले तेव्हा गावाने त्यांचे बलुते बंद केले, पिठाच्या गिरणीवर दळण घेईनात. ढोराच्या कातड्याचा वास अंगाला येऊ नये म्हणून आमच्या आजीने राखेने आणि रिठ्याने किती कपडे घासले असतील याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत नाही. तिकडे पॅरिसला त्याच सुमारास चामड्याचा वास यावा म्हणून लोक पैसे मोजत होते. ताज्या कापलेल्या सागालाही जुन्या चामड्यासारखा वास येतो, डहाणूच्या लाकडाच्या वखारीजवळून जाताना तो अजून नाकात बसतो. म्हणजे लाकूड, धूर आणि चामडे हे एका घरचे तीन वास आहेत. ज्याच्या अंगाला ते कामामुळे लागले तो विटाळला आणि ज्याने ते विकत घेतले तो रसिक ठरला.

आता ती बाटली कोणाकडे गेली ते सांगतो.

आमची मुलगी बारावीत आहे. तिची एक मैत्रीण तलासरी तालुक्यातील एका पाड्यावरून कॉलेजात येते, वारली समाजाची. तलासरी तालुक्यात दहांतली नऊ माणसे आदिवासी. आपली घरे तेथे हातावर मोजण्याइतकी, बहुधा रेल्वे, शाळा किंवा कचेरीच्या नोकरीनिमित्त आलेली. आम्ही रस्त्यात जय भीम घातला की समोरून जोहार येतो नाही तर लाल सलाम येतो, चहा मात्र एकाच टपरीवर होतो. ही मुलगी पहाटे चारला उठून चूल पेटवते, भाकऱ्या थापते, धाकट्या भावंडांचे आवरते आणि मग गच्च भरलेल्या टमटममध्ये एक पाय बाहेर ठेवून कॉलेजला येते. घरात गॅसची शेगडी आहे, योजनेतून मिळालेली. सिलिंडर रिकामा आहे आणि सध्या त्यावर तांदळाचा डबा ठेवला आहे. चुलीत ऐनाचा नाही तर सागाचा फाटा जळतो आणि पावसाळ्यात तो ओला असल्याने धूर जास्त होतो. तो धूर तिच्या केसांत राहतो.

वर्गात तिच्या बाकावरच्या मुली उठून दुसरीकडे बसू लागल्या. मग एके दिवशी कोणी तरी तिच्या ओढणीवर फवारा मारला आणि वर्ग हसला. जातीचा शब्द कोणी काढला नाही. त्यानंतर नऊ दिवस ती कॉलेजला आली नाही. आमच्या मुलीने दहाव्या दिवशी जेवताना हे सांगितले आणि "पप्पा, ती दादाची बाटली मी तिला देऊ का?" म्हणून विचारले. आमच्या मनाला ते तितकेसे पटले नाही. धुराचा वास झाकायला अत्तर द्यायचे म्हणजे त्या हसणाऱ्या मुलींचे म्हणणे मान्य करण्यासारखे होते. पण मैत्रिणीचा जीव तोडणारा असतो. ती घेऊन गेली, आणि परत आल्यावर तिने जे सांगितले ते आम्ही जसेच्या तसे देत आहोत.

मैत्रिणीने ओढणीवर एक फवारा मारून घेतला, वास घेतला, पुन्हा घेतला, आणि हसायलाच लागली. "अगं, हा तर आमच्या चुलीचाच वास आहे. याला पैसे दिले?" मग तिने खोके उलटसुलट करून चित्र पाहिले. "यात माणूसच नाही कोणी. मग ही वाट कोणी पाडली?"

हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. डहाणू-तलासरीच्या रानाला वास आहे आणि वर्षभर आहे, पण तो माणसांना वगळून नाही.

फाल्गुन सरत आला की मोह फुलतो. रात्री फुले गळतात आणि पहाटे बायका-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. गोड, जड, किंचित आंबूस असा तो वास पाडाभर पसरतो. इंग्रज सरकारने १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा खास कायदा केला आणि फुले वेचून घरात साठवण्यावर निर्बंध आणले. दारूचा महसूल बुडू नये हे त्यामागचे कारण. ज्यांनी दुष्काळात ही फुले उकडून पोटात घातली होती त्यांच्या घरातला वास म्हणजे गुन्ह्याचा पुरावा झाला. शिपायाने झोपडीच्या दारात उभे राहून नाक वर केले की आतल्या माणसाच्या पोटात गोळा यायचा.

वैशाखात राब जळतो. भाताचे रोप जेथे करायचे त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, झाडांच्या फांद्या पसरून माती भाजतात. गावोगाव निळा धूर उठतो आणि डोळे चुरचुरतात. त्यासाठी झाडांचे शेंडे छाटतात म्हणून जंगल खात्याचा यावर पूर्वीपासून डोळा. ठाणे जिल्ह्यात जंगल कायद्यांविरुद्ध एवढी ओरड झाली की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. मग मृगाचा पाऊस पडतो आणि तो भाजलेला, काळा झालेला तुकडा भिजतो. त्या वासाला कनौजचे लोक कितीही डोकी खाजवोत, त्यांना तो जमणार नाही, कारण त्यात राख आहे आणि पुढच्या चार महिन्यांची धास्ती आहे.

पावसाळा संपला की गवत. डहाणूकडचे गवत पूर्वीपासून मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना जात आले. कापून वाळत पडलेल्या गवताचा वास शहरातून आलेल्या पाहुण्याला फार आवडतो. वारल्याच्या पाठीला तो आवडायचे कारण नव्हते, कारण ते गवत त्याने सावकार-जमीनदाराच्या वेठीत कापलेले असे. लाकूडतोडीचेही तेच. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको जन्मभर मालकाच्या घरी राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. त्या सभेमागे गोदावरी आणि शामराव परुळेकर होते. पुढच्या लढ्यात पाचशे रतल गवताला अडीच रुपये मिळालेच पाहिजेत अशी मागणी झाली. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्यास पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले.

आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हेच शामराव परुळेकर १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात निवडून आलेले होते. नंतर ते कम्युनिस्ट झाले, वाटा वेगळ्या झाल्या, तो इतिहास निराळा. पण वेठ म्हणजे काय हे त्यांना कोणत्या पक्षात असताना कळले असेल याचा तर्क करायला हरकत नाही. महार वतनात आपल्या आजा-पणजांना तरी दुसरे काय करावे लागत होते? अंमलदाराचा मुक्काम पडला की लाकूडफाटा पुरवा, घोड्याला वैरण आणा, पाटलाच्या दारात ओंडके फोडा, आणि वर शिळा तुकडा घेऊन जोहार घाला. बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात वतनाचे बिल आणले आणि पुढे १९५८च्या कायद्याने ही वतने मोडीत निघाली. त्यामुळे फोडलेल्या लाकडाचा वास आम्हांला आला की खोक्यावरचे धुके आठवत नाही. मोळी आठवते.

डहाणूच्या किनाऱ्याकडे वास पुन्हा बदलतो. बोर्डी-घोलवडला चिकूच्या वाड्या, त्यापलीकडे वाळत घातलेले बोंबील. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले. त्यामुळे बरेच कारखाने येथे येऊ शकले नाहीत. औष्णिक वीज केंद्र मात्र आले, आणि ऑगस्ट २०२४मध्ये वाढवण बंदराचा पायाही घातला गेला. त्याविषयी या अंकात पुरेशी जागा नाही.

लाकडाच्या वासाचा आपल्या पालघर जिल्ह्याशी एक संबंध मात्र फार जुना आहे, आणि तो आपल्या विहारांतून सांगितला जात नाही याचे आम्हांला वाईट वाटते. आजचे नालासोपारा म्हणजे पूर्वीचे शूर्पारक बंदर. 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात तेथील पूर्णाची कथा आहे. पूर्ण हा श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, पण दासीच्या पोटी जन्मलेला. बाप वारल्यावर घराची वाटणी झाली तेव्हा त्याच्या हाती काही आले नाही. एके दिवशी त्याला रस्त्यात एक मोळीवाला दिसला. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली लाकडे गोळा करून तो जळण म्हणून विकायला चालला होता आणि भर उन्हात थंडीने कुडकुडत होता. पूर्णाने ओळखले की मोळीत गोशीर्ष चंदन आहे, त्याच्याच गारव्याने हा थरथरतो आहे. त्याने ती मोळी विकत घेतली. पुढे शूर्पारकाच्या राजाला दाहज्वर झाला तेव्हा तेच चंदन कामी आले, आणि पूर्णाचे दिवस पालटले. नंतर तो भिक्खू झाला. त्याच्या भावाच्या जहाजावरील लोकांनी चंदनाच्या रानावर कुऱ्हाडी चालवल्या तेव्हा त्या रानाचा रखवालदार यक्ष संतापला आणि समुद्रात वादळ उठले, त्यातून पूर्णाने त्यांना वाचवले. त्याच चंदनातून शूर्पारकात तथागतांसाठी एक प्रासाद उभा राहिला, असे कथा सांगते.

सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणून काढला, आत भिक्षापात्राचे तुकडे जपून ठेवलेले मिळाले. तोपर्यंत लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. बांबू विणणाऱ्याला राजा म्हणणारी ही एकच जागा आमच्या माहितीत आहे.

कथेतले यक्ष आणि वादळ ज्याला मानायचे त्याने मानावे. आम्हांला त्यात मोळीवाला महत्त्वाचा वाटतो. त्याच्या डोक्यावर काय आहे हे ओळखणारा दासीपुत्रच निघाला. गावातले बाकीचे व्यापारी त्याच रस्त्याने गेले असतील, आणि त्यांनी नाकाला उपरणे लावले असेल.

कॉलेजचे पुढे असे झाले. विहाराच्या महिला मंडळाच्या पाच जणी, त्या मुलीची आई आणि आम्ही असे मिळून तेथील जबाबदार मंडळींना भेटलो. विद्यार्थिनींनी स्वच्छतेची काळजी घ्यावी, असे सुरुवातीला आम्हांलाच सांगण्यात आले. मंडळाच्या अध्यक्षा शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आमच्या मुलीच्या अंगाला धूर येतो, घाण येत नाही. दोन्ही शब्द मराठीत वेगळे आहेत." त्यावर खुर्च्या आल्या, पाणी आले. वर्गात एक तास या विषयावर बोलणे झाले. बाक बदललेल्या मुलींपैकी दोघी परत आल्या, बाकीच्या आल्या नाहीत. मुलगी कॉलेजला जाऊ लागली. बाटली तिने परत पाठवली, सोबत मोहाची सुकी फुले पुडीत बांधून.

याच निमित्ताने तिच्या आजोबांच्या वनहक्क दाव्याचे कागद आमच्यापुढे आले. सुटीच्या दिवशी लोकांचे अर्ज लिहून देण्याची आम्हांला जुनी सवय आहे. २००६च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवावे लागते. त्यांचा पहिला दावा पुरावा अपुरा म्हणून परत आला होता. गावातील वडीलधाऱ्यांचे जबाब, जुन्या विहिरी, बांध, देवस्थाने ही सुद्धा नियमात पुरावा म्हणून धरली आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

पाहणीला समितीची माणसे, तलाठी आणि वनरक्षक आले. आजोबा पुढे, आम्ही वही घेऊन मागे. त्यांनी एका जुन्या बुंध्याला कोयत्याने खाच पाडली, आतला लाल गाभा दाखवला आणि खैर म्हणून सांगितले. ढलपी त्यांनी वनरक्षकाच्या हातात दिली. त्याने ती न कळत नाकाशी नेली. पुढे वाघोबाचा कोरलेला लाकडी खांब, त्याला शेंदूर. मग पडका बांध. शेवटी पूर्वेच्या अंगाला एक थोराड मोह. "माझ्या बापाच्या आधीचा आहे," आजोबा म्हणाले. "चैतात पहाटे या. याचा वास जिथपर्यंत येतो तिथपर्यंत आमचं शेत."

तलाठ्याने आमच्याकडे पाहिले. पंचनाम्याच्या नमुन्यात वासाचा रकाना नाही. आम्ही दोरीने बुंध्याचा घेर मोजला आणि लिहिले: पूर्वेस मोहाचे एक जुने झाड, त्यालगत दगडी बांध, उत्तरेस खैराचे तीन बुंधे, मध्यभागी वाघोबाचे स्थान, क्षेत्र १ हेक्टर १२ आर. जबाब आजोबांच्या तोंडचा, अक्षर नातीचे. खाली त्यांचा अंगठा आहे, आणि मजकूर वाचून दाखवला म्हणून नातीची सही. दावा आता उपविभागीय समितीपुढे आहे.